विश्लेषण : लोहाची कोणती गोळी खरोखर ‘अंगी लागते’?

औषधाच्या दुकानात ‘रक्तवाढीची गोळी’ मागितली की समोर पाच-सहा पर्याय येतात. फेरस सल्फेट, फेरस फ्युमरेट, फेरस अस्कॉर्बेट, पॉलिमाल्टोज, कार्बोनिल, बिसग्लायसिनेट... प्रत्येक पाकिटावर ‘उत्तम शोषण’ किंवा ‘पोटाला त्रास नाही’ असा दावा असतो. सरकारी आरोग्य केंद्रात मात्र एकच लाल गोळी मिळते आणि तीही मोफत. त्यामुळे महागडी गोळी जास्त अंगी लागते आणि फुकटची कमी, असा समज घट्ट होतो. विज्ञान काय सांगते? लोह शरीरात किती जाणार हे गोळीच्या नावापेक्षा ती कधी, किती वेळा, कशासोबत आणि किती दिवस घेतली यावर अधिक अवलंबून असते. नेमकी हीच माहिती गोळीसोबत दिली जात नाही.

हा प्रश्न किती जणांचा?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४.२ टक्के आहे. त्याआधीच्या फेरीत ते ४८ टक्के होते. म्हणजे राज्यात आकडा कमी होण्याऐवजी वाढला. सहा महिने ते पाच वर्षांखालील मुलांमध्ये तर राज्यातील प्रमाण ६८.९ टक्के आहे.

सगळा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेमुळे होत नाही. पण लोहाची कमतरता हे त्याचे सर्वांत मोठ्या कारणांपैकी एक आहे आणि त्यावरचा पहिला उपाय म्हणजे गोळी. भारतात लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० पासून सुरू आहे. २०१८ मध्ये त्याला ‘ॲनिमिया मुक्त भारत’ हे नवे रूप मिळाले. गर्भवतींना रोज एक लाल गोळी, किशोरवयीन मुला-मुलींना आठवड्याला एक निळी गोळी, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी आणि त्याहून लहान बाळांना आठवड्यातून दोनदा सिरप, अशी ही रचना आहे. पन्नास वर्षे गोळी वाटूनही निम्म्याहून अधिक महिला रक्तक्षयी असतील, तर गोळी पोटात गेल्यावर पुढे काय होते हे पाहायलाच हवे.

पाकिटावरचे मिलिग्रॅम म्हणजे लोह नव्हे, ते कसे?

पहिली गफलत लेबल वाचतानाच होते. गोळीत शुद्ध लोह नसते. लोहाचा क्षार असतो आणि त्या क्षाराच्या वजनातला काही भागच लोह असतो. त्याला ‘मूलद्रव्यी लोह’ म्हणजे ‘एलिमेंटल आयर्न’ म्हणतात. ३२५ मिलिग्रॅम फेरस सल्फेटच्या गोळीत सुमारे ६५ मिलिग्रॅम लोह असते. फेरस फ्युमरेटच्या वजनात साधारण ३३ टक्के लोह असते, तर फेरस ग्लुकोनेटमध्ये फक्त १२ टक्के. म्हणजे ३०० मिलिग्रॅमची फ्युमरेटची गोळी आणि ३०० मिलिग्रॅमची ग्लुकोनेटची गोळी यांत जवळपास तिपटीचा फरक आहे.

त्यामुळे दोन गोळ्यांची तुलना करायची तर मोठ्या अक्षरांतला आकडा सोडून बारीक अक्षरांत ‘एलिमेंटल आयर्न’ किंवा ‘इक्विव्हॅलन्ट टू’ या शब्दांपुढे काय लिहिले आहे ते पाहावे लागते. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम मूलद्रव्यी लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. पूर्वी या गोळीत १०० मिलिग्रॅम लोह असायचे, २०१८ मध्ये ते कमी केले गेले. ‘सरकारने कात्री लावली’ असे कुणाला वाटेल. पण पुढे दिसेल की जास्त लोह गिळल्याने त्याच प्रमाणात जास्त लोह शोषले जात नाही.

आतडे लोह किती घ्यायचे हे कसे ठरवते?

प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण तीन ते चार ग्रॅम लोह असते. लाल रक्तपेशी साधारण १२० दिवसांनी मरतात, पण त्यांतले लोह वाया जात नाही. शरीर ते काढून पुन्हा नव्या पेशींत वापरते. बाहेरून रोज फक्त एक ते दोन मिलिग्रॅमची भर लागते. मासिक पाळी, गर्भारपण, बाळंतपणातला रक्तस्राव यांत ही गरज वाढते.

इथे एक गोष्ट महत्त्वाची आहे. जास्त झालेले लोह ठरवून बाहेर टाकण्याची यंत्रणा शरीराकडे नाही. त्यामुळे सगळे नियंत्रण आत येण्याच्या दारावरच ठेवावे लागते. हे दार लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात आहे. तिथल्या पेशी लोह आत ओढतात आणि ‘फेरोपोर्टिन’ नावाच्या प्रथिनातून ते रक्तात सोडतात. या दाराची किल्ली यकृतात तयार होणाऱ्या ‘हेप्सिडिन’ या संप्रेरकाकडे असते. २००० सालाच्या सुमारास त्याची ओळख पटली. रक्तात हेप्सिडिन वाढले की फेरोपोर्टिन नष्ट होते आणि लोह आतड्याच्या पेशींतच अडकून पडते. काही दिवसांनी त्या पेशी झडतात आणि लोह शौचावाटे निघून जाते.

शरीरात लोह पुरेसे असेल तर हेप्सिडिन जास्त असते आणि कमतरता असेल तर कमी. म्हणूनच ज्याला गरज आहे त्याच्या शरीरात त्याच गोळीतून जास्त लोह जाते. ताप, जंतुसंसर्ग किंवा शरीरातली जुनाट सूज यांतही हेप्सिडिन वाढते. त्या काळात गोळी घेतली तरी बरेचसे लोह दाराबाहेरच राहते.

दिवसाआड गोळी घेण्याचा सल्ला कुठून आला?

गोळीचा मोठा डोसही हेप्सिडिन वाढवतो आणि त्याचा परिणाम साधारण २४ तास टिकतो. स्वित्झर्लंडमधील झुरिच येथील संशोधकांनी २०१५ मध्ये लोहाचा साठा कमी असलेल्या तरुणींवर केलेल्या अभ्यासात हे स्पष्ट झाले. ६० मिलिग्रॅम किंवा त्याहून मोठ्या डोसनंतर दुसऱ्या दिवशीच्या डोसचे शोषण ३५ ते ४५ टक्क्यांनी घटले. डोस ४० वरून २४० मिलिग्रॅम, म्हणजे सहापट केला, तेव्हा शोषलेले लोह ६.७ वरून १८.१ मिलिग्रॅमवर गेले. ही वाढ तिप्पटही नव्हती. उरलेले लोह आतड्यातच राहिले आणि मळमळ, पोटदुखी, बद्धकोष्ठता या तक्रारींचे मूळ तिथेच आहे.

त्याच गटाने २०१७ मध्ये ४० महिलांची तुलना केली. काहींना ६० मिलिग्रॅमची गोळी १४ दिवस रोज दिली, तर काहींना तेवढ्याच १४ गोळ्या २८ दिवसांत दिवसाआड दिल्या. रोजच्या गटात गोळीतील १६.३ टक्के लोह शोषले गेले, दिवसाआडच्या गटात २१.८ टक्के. एकूण हिशेबात १३१ विरुद्ध १७५ मिलिग्रॅम. गोळ्या तेवढ्याच, पण शरीरात गेलेले लोह एक तृतीयांशाने अधिक. एका दिवसाचा डोस सकाळ-संध्याकाळ विभागून दिला तर फायदा होतो का, हेही तपासले गेले. शोषणात लक्षणीय फरक पडला नाही, हेप्सिडिन मात्र वाढले.

या निष्कर्षांनंतर ‘गोळी दिवसाआडच घ्या’ हा संदेश समाजमाध्यमांवर वेगाने पसरला. पण इथे जरा थांबून हिशेब करायला हवा.

मग रोज गोळी घेणे चुकीचे का?

नाही. वरच्या अभ्यासात प्रत्येक गोळीचा फायदा वाढला, पण त्यासाठी दुप्पट दिवस लागले. रोज गोळी घेणाऱ्या गटाने १४ दिवसांत १३१ मिलिग्रॅम लोह मिळवले. दिवसाआडच्या गटाला १७५ मिलिग्रॅमसाठी २८ दिवस लागले. म्हणजे ‘गोळीमागे किती’ हे पाहिले तर दिवसाआड सरस आणि ‘महिन्यामागे किती’ हे पाहिले तर रोजची गोळी पुढे. घाई किती आहे यावर उत्तर ठरते.

चंडीगडच्या पीजीआयएमईआर संस्थेत लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय झालेल्या रुग्णांवर झालेली आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी हेच दाखवते. एका गटाला रोज दोनदा ६० मिलिग्रॅम, दुसऱ्याला दिवसाआड १२० मिलिग्रॅम लोह दिले गेले. तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात रोज गोळी घेणाऱ्यांचे हिमोग्लोबिन अधिक वाढलेले होते. दिवसाआडच्या गटात वाढ सावकाश होती, पण मळमळीचा त्रास कमी होता.

त्यामुळे सौम्य कमतरता असलेल्या किंवा रोजची गोळी न सोसणाऱ्या व्यक्तीसाठी दिवसाआड हा चांगला मार्ग आहे. मात्र तीव्र रक्तक्षय असेल किंवा गर्भारपण असेल तर हा बदल स्वतःच्या मनाने करू नये. गर्भारपणाच्या पुढच्या महिन्यांत शरीर आपोआप हेप्सिडिन कमी करते आणि लोहाचे दार अधिक उघडते. शिवाय बाळंतपणाची तारीख थांबत नाही. तिथे वेळच कमी असतो. समाजमाध्यमांवरच्या एका ओळीच्या सल्ल्यात हा फरक हरवतो, आणि किंमत मोजावी लागते ती आठव्या महिन्यात हिमोग्लोबिन आठवर असलेल्या बाईला.

यात सरस गोळी कोणती?

आता मूळ प्रश्न. फेरस सल्फेट, फ्युमरेट आणि ग्लुकोनेट हे जुने, स्वस्त क्षार आहेत. त्यांतले लोह ‘फेरस’ रूपात, म्हणजे आतड्याला सहज घेता येईल अशा रूपात असते. मूलद्रव्यी लोह सारखे असेल तर या तिघांत निवड करण्यासारखे फारसे काही नाही. ब्रिटिश सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे या तिन्हींपैकी कोणतीही एक गोळी दिवसातून एकदा सुरू करावी असे सांगतात आणि ती सोसली नाही तर दिवसाआडचा पर्याय देतात. अमेरिकन गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिकल असोसिएशनची २०२४ ची भूमिका तर अधिक थेट आहे. तोंडावाटे घेण्याच्या लोहाचा कोणताही एक प्रकार दुसऱ्यापेक्षा सरस नाही आणि सर्वांत स्वस्त म्हणून फेरस सल्फेटला पसंती द्यावी.

फेरस अस्कॉर्बेट भारतात मोठ्या प्रमाणावर लिहून दिले जाते. त्यात लोहासोबत क जीवनसत्त्वाचा भाग जोडलेला असतो. त्यामागचे तर्कशास्त्र योग्य आहे. पण त्याच्या बाजूने मांडल्या जाणाऱ्या तुलना अनेकदा कोलॉइडल आयर्नसारख्या तुलनेने कमी शोषल्या जाणाऱ्या प्रकारांशी केलेल्या असतात. दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला हरवले म्हणून फेरस सल्फेटलाही हरवले असे होत नाही. गोळी वाईट नाही, पण किमतीतला फरक त्यातून सिद्ध होत नाही.

पॉलिमाल्टोज आणि पॉलिसॅकराइड या प्रकारांत लोह ‘फेरिक’ रूपात एका मोठ्या साखळीत गुंडाळलेले असते. त्यामुळे पोटाला त्रास कमी, चवही बरी, म्हणून मुलांच्या सिरपमध्ये ते लोकप्रिय आहेत. पण त्रास कमी होण्याचे एक कारण लोह सहज सुटे होत नाही हेही आहे. अमेरिकेत नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या ८० रक्तक्षयी मुलांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फेरस सल्फेट आणि आयर्न पॉलिसॅकराइड यांची सरळ तुलना झाली. १२ आठवड्यांनंतर फेरस सल्फेटच्या गटात हिमोग्लोबिन सरासरी ७.९ वरून ११.९ वर गेले, दुसऱ्या गटात ७.७ वरून ११.१ वर. फरक साधारण एका ग्रॅमचा, आणि तो स्वस्त औषधाच्या बाजूने.

कार्बोनिल आयर्न म्हणजे शुद्ध लोहाची अतिशय बारीक भुकटी. ती जठरातल्या आम्लात हळूहळू विरघळते. त्यामुळे चुकून जास्त घेतली गेली तर धोका तुलनेने कमी. पण आम्ल कमी करणारी गोळी रोज घेणाऱ्यांना तिचा उपयोग मर्यादित.

फेरस बिसग्लायसिनेटबाबतचा पुरावा थोडा आशादायक आहे. अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या असता गर्भवतींमध्ये हिमोग्लोबिन बरे वाढले आणि पोटाच्या तक्रारी कमी झाल्या. ज्यांना साधी गोळी खरोखर सोसत नाही त्यांच्यासाठी तो विचार करण्याजोगा पर्याय आहे.

एका प्रकारापासून मात्र सावध राहावे. जठरात न विरघळणारा लेप असलेल्या किंवा हळूहळू लोह सोडणाऱ्या गोळ्या. लोह शोषणारा भाग आतड्याच्या सुरुवातीलाच आहे. गोळी तो टप्पा ओलांडून पुढे गेल्यावर उघडली, तर त्रास कमी होतो हे खरे, पण लोहही कमीच मिळते.

चहा, लिंबू आणि कॅल्शियमने किती फरक पडतो?

गोळी बदलून जेवढा फरक पडतो त्यापेक्षा जास्त फरक सोबतच्या कपाने पडतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झुरिचच्याच आणखी एका अभ्यासात लोहाची कमतरता असलेल्या महिलांना १०० मिलिग्रॅम लोह वेगवेगळ्या प्रकारे दिले गेले. सकाळी पाण्यासोबत घेतलेल्या गोळीच्या तुलनेत कॉफीसोबत शोषण ५४ टक्क्यांनी घटले. कॉफी आणि न्याहारी या दोन्हींसोबत ६६ टक्क्यांनी. दुपारी घेतल्यास ३७ टक्क्यांनी. ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व सोबत दिल्यावर ते ३० टक्क्यांनी वाढले, पण ५०० मिलिग्रॅम देऊन आणखी फायदा झाला नाही.

महाराष्ट्रात सकाळची सुरुवात चहाने होते. चहातले टॅनिनसारखे घटक लोहाला धरून ठेवतात. चहा पिता पिता गोळी घेणे म्हणजे अर्ध्याहून अधिक गोळी बशीत सांडल्यासारखेच. गोळी आणि चहा यांत एक ते दोन तासांचे अंतर ठेवले तर हा तोटा एक पैसाही खर्च न करता टळतो.

लिंबूपाणी किंवा आवळा सोबत घ्यायला हरकत नाही. पण त्यासाठी वेगळी क जीवनसत्त्वाची गोळी विकत घ्यायलाच हवी असे नाही. चीनमध्ये शांघाय येथे ४४० रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लोहाच्या गोळीसोबत क जीवनसत्त्व देऊनही हिमोग्लोबिनच्या वाढीत लक्षणीय फरक दिसला नाही. एका डोसचे शोषण वाढणे आणि महिन्या-दोन महिन्यांनी रक्ताच्या तपासणीत फरक दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कॅल्शियमचा मुद्दा गर्भवतींसाठी विशेष महत्त्वाचा. त्यांना लोह आणि कॅल्शियम दोन्ही गोळ्या दिल्या जातात. लक्षात राहावे म्हणून अनेक घरांत त्या एकत्रच गिळल्या जातात. कॅल्शियम लोहाचे शोषण कमी करते, म्हणून दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर हवे. कॅल्शियम जेवणासोबत आणि लोह दोन जेवणांच्या मधल्या वेळेत किंवा रात्री झोपताना, ही सोपी विभागणी. थायरॉइडची गोळी चालू असेल तर उलट काळजी घ्यावी लागते, कारण लोह त्या गोळीचे शोषण कमी करते. दोन्हींत चार तासांचे अंतर ठेवायला सांगितले जाते. आम्लपित्ताच्या गोळ्या आणि काही प्रतिजैविकांबाबतही डॉक्टरांना विचारून वेळ ठरवावी.

गोळी मध्येच का सोडली जाते?

शोषणाची सगळी चर्चा एका गृहीतकावर उभी आहे. ते म्हणजे गोळी घेतली जाते. प्रत्यक्षात चित्र वेगळे आहे. याच सर्वेक्षणानुसार देशातील फक्त ४४.१ टक्के महिलांनी गर्भारपणात १०० किंवा अधिक दिवस गोळ्या घेतल्या. १८० दिवस किंवा त्याहून अधिक काळ घेणाऱ्या अवघ्या २६ टक्के.

कारणे उघड आहेत. मळमळ, पोटात जळजळ, बद्धकोष्ठता. २०१५ मध्ये ४३ चाचण्यांतील ६,८०० हून अधिक प्रौढांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण झाले. फेरस सल्फेट घेणाऱ्यांमध्ये पोटाच्या तक्रारींची शक्यता निव्वळ बनावट गोळी घेणाऱ्यांपेक्षा दुपटीहून अधिक असल्याचे त्यातून दिसले. म्हणजे ‘त्रास होतो’ ही तक्रार खरी आहे. ती नाटक किंवा आळस म्हणून झटकणे हा आरोग्य व्यवस्थेचा दोष आहे.

शौच काळी होणे हे मात्र घाबरण्याचे कारण नाही. न शोषलेल्या लोहाचा तो रंग असतो. पण हे आधी सांगितले नाही तर पहिल्याच आठवड्यात गोळ्यांचे पाकीट कपाटात जाते. रिकाम्या पोटी गोळी सोसत नसेल तर हलक्या खाण्यानंतर घ्यावी. शोषण थोडे कमी होईल, पण उलटून पडलेल्या किंवा कपाटात पडून राहिलेल्या गोळीपेक्षा ते कितीतरी जास्त असेल. शाळेत निळी गोळी मध्यान्ह भोजनानंतर दिली जाते, त्यामागेही हाच शहाणपणा आहे.

किती दिवस घ्यावी लागते?

साधा हिशेब पाहू. ५० किलो वजनाच्या बाईचे हिमोग्लोबिन ८ आहे आणि ते १२ वर न्यायचे आहे. त्यासाठी रक्तात साधारण ४८० मिलिग्रॅम लोहाची भर लागते. रिकामा झालेला साठा भरायला आणखी सुमारे ५०० मिलिग्रॅम. एकूण जवळपास १,००० मिलिग्रॅम. रोजच्या ६० मिलिग्रॅमच्या गोळीतून १० मिलिग्रॅम शोषले गेले असे धरले, तर शंभर दिवस लागतात. सुरुवातीला कमतरता तीव्र असताना शोषण याहून जास्त असते, नंतर मंदावते.

म्हणूनच डॉक्टर हिमोग्लोबिन सामान्य झाल्यावरही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवायला सांगतात. ‘बरे वाटले’ म्हणून महिन्याभरात थांबवले, तर रक्तात लोह येते, पण साठा रिकामाच राहतो. पुढच्या दोन-चार पाळ्यांत हिमोग्लोबिन पुन्हा खाली.

गोळी घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर?

नियमित गोळी घेतल्यास साधारण चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक ते दोन ग्रॅमने वाढायला हवे. तसे झाले नाही तर गोळीचा ब्रँड बदलण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. गोळी खरोखर रोज घेतली गेली का? चहा, कॅल्शियम किंवा आम्लपित्ताची गोळी आड आली का? आणि लोह कुठून गळते आहे का? पाळीतला अतिरक्तस्राव, मूळव्याध, जंत, आतड्यातला रक्तस्राव यांपैकी काही असेल तर कितीही चांगली गोळी फुटक्या माठात पाणी ओतण्यासारखी ठरते.

शिवाय रक्तक्षय ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा असू शकतो. विदर्भ आणि नंदुरबारसारख्या भागांत सिकलसेल, अन्यत्र थॅलेसेमियाचे वाहक असण्याची शक्यता तपासावी लागते. अशा वेळी कारण न पाहता वर्षानुवर्षे लोह घेत राहणे योग्य नाही, कारण जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. फेरिटिन ही तपासणी इथे उपयोगी पडते. आणखी एक गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. लाल-गुलाबी गोळ्या लहान मुलांना गोळ्या-चॉकलेटसारख्या दिसतात. मुलाने त्या मूठभर गिळल्या तर जिवावर बेतू शकते. पाकीट नेहमी मुलांच्या हाताबाहेर ठेवावे.

काय बदलायला हवे?

गोळी तीच ठेवूनही बरेच काही बदलता येईल. कार्यक्रमाची प्रगती आज प्रामुख्याने किती जणांना गोळ्या मिळाल्या यावर मोजली जाते. वाटलेली गोळी, गिळलेली गोळी आणि शोषलेले लोह या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. सरकारी तक्त्यात पहिलीच पायरी दिसते आणि गळती पुढच्या दोन पायऱ्यांवर होते.

यावर मोठा खर्च नको. लाल गोळीच्या प्रत्येक पाकिटावर ठळक मराठीत चार ओळी छापता येतील : चहा-कॉफीपासून दोन तास लांब, कॅल्शियमसोबत नको, शौच काळी होणे सामान्य आहे, त्रास झाला तर गोळी बंद न करता आशाताईंना सांगा. आशा स्वयंसेविकेला गोळ्यांचा हिशेब विचारताना ‘किती वाटल्या’सोबत ‘कुणाला त्रास झाला आणि पुढे काय केले’ हेही विचारायला हवे. आणि त्या कामाचा मोबदलाही द्यायला हवा, नाहीतर तो कागदावरचा आणखी एक रकाना ठरेल.

खासगी बाजारालाही शिस्त हवी. पाकिटाच्या दर्शनी भागावर क्षाराचे वजन नव्हे तर मूलद्रव्यी लोह मोठ्या अक्षरांत असावे. ‘उत्तम शोषण’ असा दावा करायचा असेल तर तो फेरस सल्फेटच्या तुलनेत सिद्ध करावा. महिन्याच्या किराण्यातून पैसे बाजूला काढून महागडी गोळी घेणाऱ्या कुटुंबाला एवढे तरी कळण्याचा हक्क आहे की त्या जादा पैशांतून नेमके काय मिळते. डॉक्टरांनीही साधी गोळी न सोसण्याचे कारण असेल तरच महाग पर्याय लिहावा, आणि कोणतीही गोळी लिहिताना ती कधी घ्यायची यासाठी अर्धा मिनिट द्यावा.

मोफतची लाल गोळी कमी प्रतीची नाही. ती पाण्यासोबत, चहापासून लांब, कॅल्शियमच्या वेळेत न अडकता आणि साठा भरेपर्यंत घेतली तर दुकानातल्या बहुतेक गोळ्यांइतकीच अंगी लागते. फक्त हे घेणाऱ्या बाईला कुणीतरी सांगायला हवे.